धाकटीचा हात

गावोगाव जनावरांना लस टोचत फिरणाऱ्या बाईला तोंड चालवावंच लागतं. जनावर एक वेळ दाव्याला धरून ठेवता येतं, त्याचा मालक "आमची गाय ठणठणीत आहे" म्हणत मागच्या दाराने पसार होतो. मी दारात उभी राहून बोलत सुटते आणि समोरचा कंटाळून गाय बाहेर काढतो. आमचे डॉक्टर म्हणतात, "तुमची सुई नंतर टोचते, जीभ आधी." या जिभेचा मला फार गर्व होता.

त्या दिवशी लाळ्या-खुरकताची लस होती. यादी लिहायला यायची ती बाई आजारी पडली, म्हणून मी धाकटीला ओढून नेलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. पलीकडच्या गावात शिवणकाम करते. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता तिच्याकडे, पण ताईने सांगितलं म्हटल्यावर ती निमूट मागे बसली. तर्जनीला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"कात्री लागली. चांगली खोल गेली."

"लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून मी गाडी सुरू केली.

गवळीकाकांच्या गोठ्यात तांबडी गाय मान खाली घालून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मी जीभ पाहिली, खूर पाहिले. कुठे फोड नाही, व्रण नाही.

"कालपासून काही गिळत नाही," काका म्हणाले. "बटाट्याची सालं घातली होती. एखादा अख्खा बटाटा गेला असणार घशात. मी चाचपून पाहिलं, पण माझा पंजा हा असा फावड्याएवढा."

दारात दहा-बारा माणसं जमली होती. गेल्या वर्षी याच आळीने मला पाहून कड्या लावून घेतल्या होत्या. आज तीच माणसं माना उंचावून बघत होती, आणि मला चेव आला. हातमोजा चढवून मी हात घातला. मनगटाच्या वर काही जाईना, माझे हातही काही नाजूक नाहीत.

"धाकटे, तुझा हात बारीक आहे. ये इकडे."

लहानपणापासून हे असंच चालत आलेलं. कपाटामागे किल्ली पडली, फटीत पेन्सिल गेली, की हुकूम मी सोडायचे आणि हात ती घालायची. तिला कोळ्यांची भीती वाटायची. मी म्हणायचे, "काही होत नाही, घाल." आणि ती घालायची.

"चावणार नाही ना?" तिने विचारलं.

"काही होत नाही गं."

माझा मोजा तिला ढगळ होत होता. बोटं लोंबत होती, आत काही चाचपडता येईना. "काढून टाक तो," मी म्हणाले.

तिने मोजा काढला, ओली झालेली चिंधीही काढली आणि कोपरापर्यंत हात घातला. बटाटा नव्हताच. "काही नाही गं ताई, नुसतं गरम गरम आहे," ती हसत म्हणाली आणि हात गोणपाटाला पुसला. डॉक्टरांना कळवते असं काकांना सांगून मी पुढच्या घराकडे वळले. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस जनावरं झाली. त्या आनंदात डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.

सहाव्या दिवशी राहिलेली वासरं टोचायला गेले, तर गोठा रिकामा. भिंतीचा गिलावा माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर खरवडून निघाला होता.

"गेली बिचारी," काका म्हणाले. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आवाज घोगरा झाला. सारखी हंबरायची. मग भिंतीला धडका घ्यायला लागली. बादली पुढे ठेवली की तोंड घालायची, पण घोट उतरायचा नाही."

"काका, कुत्रं चावलं होतं का तिला?"

"चावलं असं नाही. महिन्यापूर्वी एक भटकं शिरलं होतं गोठ्यात. नाकाला जरा ओरखडा होता. का हो?"

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं: लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही. घास अडकलाय असं सगळ्यांनाच वाटतं, आणि कधी कधी ते पिसाळलेलं असतं. हे वाक्य मी स्वतः किती सभांमधून सांगितलं असेल. माना डोलावून घेतल्या असतील. आणि ऐन वेळी माझ्या डोक्यात काय होतं, तर दारातली दहा-बारा माणसं.

काकांना मी तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते ओरडले, "अहो, तुम्हीच तर त्या पोरीला हात घालायला लावलात!" त्यांच्यासमोरच मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कोणाकोणाचे हात गेले, तेवढं सांगा. तुमच्या स्वतःच्या रेबीजच्या तीन सुया आधीच झाल्यात. बाकीच्यांच्या झाल्यात का?"

नव्हत्या. कामावर घेतानाच मला टोचलं होतं. तोंडात मोजा घातलेला हात माझा होता, आणि उघडा हात तिचा.

काका मुलाच्या गाडीवरून दवाखान्यात निघाले. मी धाकटीला फोन लावत राहिले. ती उचलेना. ती फोन खणात टाकून मशीन चालवते हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक न उचललेल्या फोनला मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. हा रोग माणसात दिसायला आठवडे जातात, महिनेही जातात, हेही मला पाठ होतं. वाटभर ते स्वतःला मोठमोठ्याने म्हणून दाखवलं. एकदा अंगात दिसला की मग औषध नाही, हेही त्याच पानावर होतं.

मी जिना चढले तेव्हा मशीन बंद होतं. दुकानावरची ती एवढीशी खोली, कापडाच्या ताग्यांनी भरलेली. खिडकीचा पडदा ओढलेला. धाकटी शाल गुंडाळून कोपऱ्यात बसली होती आणि शेजारी पाण्याचा भरलेला पेला होता. पाण्यावर दोऱ्याचा एक तुकडा तरंगत होता, म्हणजे पेला बराच वेळ तसाच होता.

"अगंबाई, तू आत्ता?" ती म्हणाली. आवाज घोगरा होता.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"घसा धरलाय. गिळवत नाही."

"पी."

"अगं, पण..."

"माझ्यासमोर पी!"

तिने विचित्र नजरेने माझ्याकडे पाहिलं, दोरा काढला आणि पेला तोंडाला लावला. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. एक घोट उतरला. तोंड वाकडं करून तिने दुसरा घेतला. मग पेला संपवून उपडा करून दाखवला. "झालं समाधान? आता सांग तरी."

मी तिला मोरीवर नेलं आणि साबण लावून तो हात नळाखाली धरला. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. बोटावरची जखम अजून नीट मिटली नव्हती. सहा दिवस उलटून गेल्यावर पंधरा मिनिटं धुण्याने काय होणार होतं, पण हात सोडवेना. धुता धुता सगळं सांगितलं. मला रडू आवरत नव्हतं.

"आणि मोजा असता तर?" तिने विचारलं.

"तर आज मी इथे आलेच नसते."

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "बरं, चल. पण ते दोन गणवेश उद्या द्यायचेत, लवकर सोडायला सांग त्यांना."

दवाखान्यात काका आधीच बाकावर बसले होते. त्यांनी मला पाहून मान फिरवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा घसा तपासला. साधा सर्दीचा घसा आहे, म्हणाल्या. दंडात एक लस झाली. मग दुसऱ्या औषधाची सुई थेट बोटातल्या जखमेत, चारही बाजूंनी. तिने डोळे मिटून माझं मनगट आवळलं, पण ओरडली नाही. इतक्या जनावरांना टोचणारी मी, मला ते बघवेना.

"वेळेत आलात असंच धरू," बाई म्हणाल्या. "पुढचे डोस एकही चुकवायचे नाहीत."

धरू. त्या एका शब्दाला मी दारापर्यंत धरून होते.

बाहेर बाकावर बसलो. धाकटीच्या बोटाला आता पांढरी पट्टी होती. ती पाय हलवत होती, लहानपणी हलवायची तशी.

"ताई," ती सहज म्हणाली, "काही होणार नाही ना?"

वाक्य माझ्या ओठांवर तयारच होतं. आयुष्यभर तिला तेच देत आले होते. कपाटापाशी तेच, गोठ्यात तेच. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर पडेना.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले.

तिचे पाय हलायचे थांबले. चेहरा पांढराफटक पडला आणि पट्टीचा हात तिने छातीशी घट्ट धरला. तेव्हा मला कळलं, तोवर ती घाबरलीच नव्हती. मी सांगितलं होतं ना तिला, काही होत नाही म्हणून.