मोरी, पूल आणि वायमनच्या वह्या

समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात. मार्चचा पहिला मंगळवार आहे. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्यांवर अख्खं गाव बसलंय. व्हर्माँटमधल्या या गावाचा वर्षाचा कारभार आज इथेच, मतं मोजून ठरायचा आहे. तुम्हाला एक गोष्ट बोलायचीच आहे. पण जो मतदार नाही त्याला इथे बोलायची बंदी. बसवेल तुम्हाला गप्प?

टेसाला बसवत नव्हतं.

सभेच्या विषयपत्रिकेवरचं नववं कलम चाललं होतं. गेल्या जुलैच्या पुरात ओढ्यावरच्या रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती. टेसाची आई परिचारिका. ती पलीकडे इस्पितळात अडकली आणि टेसा, तिचे बाबा नि चार वर्षांचा भाऊ पाच दिवस अलीकडे. भाऊ रोज संध्याकाळी तुटलेल्या रस्त्याशी जाऊन उभा राहायचा आणि हलायला तयार नसायचा. आता प्रश्न एवढाच होता, की होती तशीच अरुंद मोरी टाकायची, की रुंद पूल बांधायचा?

प्रश्न एवढाच, पण कुणीतरी कलमात ‘बदलत्या हवामानामुळे’ असे दोन शब्द घातले होते. मग काय विचारता! सकाळपासून ओढा राहिला बाजूला आणि भांडण थेट देशाच्या राजधानीत, वॉशिंग्टनला जाऊन पोचलं.

सभेचा नियम असा, की कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. जे काही असेल ते अध्यक्ष लोर्नाबाईंना उद्देशून. निवृत्त प्राध्यापक हॉल्ट वाढत्या पावसाचा आलेख घेऊन वीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, “अध्यक्षबाई, हे विज्ञान आहे. यात तुमचं मत, माझं मत असं काही नसतं!”

“अध्यक्षबाई,” एल्डन वायमन उठला. ऐंशीला टेकलेला, गोठ्यात तीस गाई बाळगणारा शेतकरी. “प्राध्यापकांना विचारा, गावात येऊन किती हिवाळे झाले?”

“चार,” हॉल्ट म्हणाले.

“त्यांना सांगा, माझ्या म्हाताऱ्या गाईनं त्याहून जास्त हिवाळे पाहिलेत.”

“अध्यक्षबाई, एल्डनला सांगा, गाईला आलेख वाचता येत नाही!”

“दोघं एकाच रांगेत बसला आहात,” लोर्नाबाई म्हणाल्या. “पण चालू द्या, मी आहेच निरोप पोचवायला.”

हशा पिकला, पण एल्डन हसला नाही. “एक पक्ष निवडून आला की म्हणे जग बुडतंय. दुसरा आला की तेच सगळं थोतांड! सरकारी अहवालातले शब्दसुद्धा बदलतात. पुढच्या निवडणुकीत पाऊस कुणाला मत देणार आहे, तेही वॉशिंग्टनला विचारून घ्या!”

“तुझ्या अंगणात अजून त्या दुसऱ्या पक्षाची प्रचाराची पाटी उभी आहे की!” मागून कुणीतरी ओरडलं.

“बर्फात गोठलीय. ये उपटायला!”

त्या गलक्यात टेसाने हात वर केला.

“ही मतदार नाही,” लोर्नाबाई म्हणाल्या. “बोलू द्यायचं तर दोनतृतीयांश मतं हवीत.”

“आज पोरं बोलणार, उद्या कुत्री!” एक आवाज आला.

“कुत्रं निदान थोडक्यात आटपेल,” दुसरा म्हणाला. भराभर हात वर झाले. परवानगी मिळाली!

टेसा उभी राहिली. पण तिला जे विचारायचं होतं ते एल्डनलाच. गेली तीन वर्षं रोज सकाळी सात वाजता, शाळेची बस यायच्या आधी, ती त्याच्या गोठ्यामागे पाऊस मोजायला जायची. पर्जन्यमापकाची रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून कशी वाचायची, ते त्यानंच शिकवलं होतं. तो आज दुखावला, तर त्या सकाळी संपल्या.

“अध्यक्षबाई, मिस्टर वायमन चाळीस वर्षं पाऊस लिहून ठेवताहेत. एका दिवसात दोन इंचांहून जास्त पडला, असे दिवस आधी किती होते आणि आता किती आहेत? मला माहीत नाही. जुन्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत. पण त्यांच्याकडे आहेत.”

एल्डनची मान लालबुंद झाली. त्यानं टोपी चढवली आणि तो निघून गेला. दार धाडकन आपटलं.

“जेवणाची सुट्टी,” लोर्नाबाई घाईघाईने म्हणाल्या.

घेवड्याची उसळ होती, हॅम होतं, सफरचंदाची पाई होती. टेसा भरलेलं ताट घेऊन दाराकडे बघत बसली. हॉल्ट येऊन पुटपुटले, “तो काही आता येत नाही.”

“तुम्ही गाईवरून बोलायला नको होतं,” टेसा म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. खांद्यावर पेंडीचं पोतं आणि भुवयांवर बर्फ, असा एल्डन आत आला. त्यानं पोतं टेबलावर उपडं केलं. वह्याच वह्या!

“पहिली वीस वर्षं,” तो म्हणाला आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटू लागला. दोन इंचांवरची नोंद आली की टेबलावर बोट आपटायचा. नऊ वेळा आपटलं.

“आता पुढची वीस.”

एक, दोन, तीन. पाचानंतर पहिली रांग त्याच्याबरोबर मोजू लागली, दहानंतर सगळी व्यायामशाळा. “सतरा! अठरा!” लोक ताटं हातात घेऊन पुढे सरकले. “बावीस! तेवीस!”

वह्या संपल्या.

“बघा, सिद्ध झालं!” हॉल्टनी उडीच मारली.

“अध्यक्षबाई, नाही झालं,” टेसा म्हणाली. “एका गोठ्यामागच्या मापकावरून जगाचं सांगता येत नाही. आपल्या ओढ्याचं मात्र सांगता येतं.”

हॉल्टनी मान डोलावली. “बरोबर आहे. अशी हजारो मापं जुळवली, तेव्हा माझा तो आलेख झाला. सकाळी मी सुरुवातच तिथून करायला हवी होती.”

एल्डननं शेवटची वही मिटली. “वॉशिंग्टनमधल्या एकाही माणसावर माझा विश्वास नाही, आत्ताही नाही. ते दोन शब्द ठेवा नाहीतर खोडा. पण हे अक्षर माझं आहे. पूल बांधा.”

हात मोजले. पुलाच्या बाजूने चौऱ्याऐंशी, विरुद्ध एकसष्ट. टाळ्यांनी खिडक्या थरथरल्या. बाबांनी भावाला उचलून डोक्यावर घेतलं.

टेसा मात्र एल्डनजवळ गेली. तो वह्या परत पोत्यात भरत होता.

“रागावलात?”

“सगळ्या गावासमोर विचारलंस. रागावणार नाही तर काय? घरी विचारायचं होतंस.”

“घरी विचारलं असतं, तर मोजून सांगितलं असतंत?”

एल्डननं जरा विचार केला. “नसतं,” तो म्हणाला.

टेसाने पोत्याचं दुसरं टोक उचललं आणि बर्फाच्या नोंदींच्या वह्या कुठे ठेवल्यात, असं विचारत ती दाराकडे चालू लागली.