मी मस्कतचा नव्हतो

मी एक व्हिडिओ बोलतोय. कोणी बोट लावलं की जागा होतो, संपलो की गप्प. माझ्यात फार काही नाही. एक पांढरी भिंत, तिच्यापुढे बसलेला अमोल आणि त्याचं आईशी थोडंसं बोलणं.

माझा जन्म सुखाचा नव्हता. त्या सकाळी अमोलने खिडकीवर चादर टाकली, भांग पाडला आणि मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. माझ्याआधीची माझी भावंडं त्याने लगेच पुसून टाकली. एकात त्याचा आवाज कापला, एकात बाहेरच्या भाजीवाल्याची हाळी शिरली. मी मात्र त्याला जमलो.

"आई, इथं मस्कतले आत्ता साडेसहा वाजले. ड्यूटीवर निघून राहिलो. श्वेताच्या लग्नाले सुट्टी नाही भेटली वं. तू नाराज नको होऊ."

एवढं बोलून त्याने मला कोराडीला धाडलं. तिथल्या वीज केंद्राच्या कॉलनीत त्याचे आईबाप राहतात. आधीचे व्हिडिओ पुसट येतात, तुझं तोंडच दिसत नाही, अशी आईची तक्रार होती. म्हणून यावेळी त्याने मला व्हिडिओ म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवलं. साध्या वाटेने गेलो असतो तर मला दाबून लहान केलं असतं आणि माझ्या पोटातली जन्मवेळेची नोंदही गळून पडली असती. तसं झालं नाही. मी जसा जन्मलो तसाच त्याच्या आईच्या, शामलाबाईंच्या हातात पडलो.

त्यांनी मला किती वेळा पाहिलं, ते विचारू नका. पोळी तव्यावर आणि मी ओट्यावर. स्वयंपाकघरात त्यांनी मस्कतच्या वेळेचं दुसरं एक घड्याळ लावलं होतं, आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुलाला साखरझोपेत फोन जायला नको म्हणून. जेवायला बसताना त्या याच घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "त्याचं जेवण व्हाचंच असन आता." मला कसंसंच व्हायचं. कारण मला ठाऊक होतं, की ते घड्याळ भलत्याच गावची वेळ दाखवतंय.

पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

विचारलं ते अमोलच्या बहिणीने. श्वेता रामदासपेठेतल्या एका ऑफिसात लग्नांचे व्हिडिओ कापून जोडायचं काम करते. स्वतःच्या लग्नात मोठ्या पडद्यावर दाखवायला ती घरच्यांची फिल्म बनवत होती. भावाचा निरोप त्यात हवाच, म्हणून तिने मला कॉम्प्युटरवर घेतलं. आम्हा सगळ्यांना वेळेप्रमाणे ओळीत लावताना तिने सवयीने माझी माहिती उघडली. तिथे लिहिलं होतं, सकाळचे आठ. आणि त्याला चिकटून, अधिक साडेपाच.

तिचा हात थांबला. अधिक साडेपाच म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, भारताची वेळ. मस्कतची असती तर अधिक चार असतं आणि सकाळचे साडेसहाच लिहिले असते. अमोलने वजाबाकी अगदी बरोबर केली होती. तोंडाने साडेसहा सांगितले, पण मोबाइलने खरं तेच टिपलं. मोबाइलचं घड्याळ चुकलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मग उन्हाळ्यापूर्वी त्याने तिला ईमेलने जसाच्या तसा पाठवलेला एक जुना व्हिडिओ होता, तो उघडला. मोबाइल तोच. त्यात अधिक चार होतं.

माझ्यात जागेचं नाव मात्र नव्हतं. लोकेशन त्याने बंद ठेवलं होतं. आणि आपल्या एवढ्या मोठ्या देशाला वेळ एकच. तो या वेळेत कुठेही असू शकत होता.

संध्याकाळी श्वेताने घरी सांगितलं. चंद्रभान, तिचे वडील, यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे तो मस्कतले नाही?" शामलाबाईंनी विचारलं.

"नाही वं आई. इकडंच हाय कुठंतरी."

"इकडंच हाय?" त्यांचं तोंड उजळलं. खोटं बोलला हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आल्यावर त्या खाली बसल्या. "मंग घरी काहून नाही आला?"

चंद्रभान हळूच म्हणाले, "माह्यामुळं. तो निघाला तवा अख्ख्या कॉलनीले घेऊन गेलतो मी विमानतळावर. गळ्यात हार घातले त्याच्या. आता कोणत्या तोंडानं येईन तो?"

शामलाबाईंनी फोन लावला. अमोलने उचलला.

"जेवला का?"

"नाही आई, इथं आत्ता..." तो हिशोब करू लागला.

"राहू दे. आमचे वाजले तितकेच तुझे वाजले, बाबू. समजलं आमाले. तू ये फक्त."

 पलीकडून फोन कट झाला आणि पुढचे कित्येक दिवस बंदच लागला.

लग्न झालं. नवरदेवाचा कान पिळायला अमोलच्या जागी मामेभाऊ गोलू उभा राहिला. शामलाबाईंची नजर सारखी हॉलच्या दाराशी. श्वेताने मला त्या फिल्ममध्ये घेतलं नाही. पडद्यावर भावाच्या जागी त्याचा शाळेतला फोटो आला, तेव्हा चंद्रभान उठून बाहेर गेले.

लग्नानंतर अमोलकडून माझा धाकटा भाऊ आला. त्यात भिंत नव्हती. अमोलने मोबाइल हातात घेऊन खोली फिरवली, चूल दाखवली, दुरुस्तीला आलेले एसी दाखवले. "बाबा, मस्कतची कंपनी बंद पडली. मी विजयवाड्याले हाओ. तिकडं यायची हिंमत नाही झाली."  चंद्रभानांनी चप्पल घातली आणि ते विजयवाड्याची तिकिटं काढायला गेले.

आज आम्ही गाडीत आहोत. बल्लारशा मागे पडलंय. मघाशी चंद्रभान माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते खोटं पुसून टाक आता."

"राहू द्या," शामलाबाई म्हणाल्या. "खोटं बोलला, पण माह्यासाठीच बोलला ना."

त्यांनी मला पुसलं नाही, पण आज उघडलंही नाही. त्या खिडकीबाहेर बघतायत.

माझी एकच खंत आहे. माझ्यावर वाकलेला या माउलीचा चेहरा मी इतके दिवस इतक्या जवळून पाहिला, पण तो अमोलपर्यंत नेता आला नाही. आम्हा व्हिडिओंची वाट एकेरी असते. सकाळी तो स्टेशनवर उभा असेल, तेव्हा तो चेहरा त्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसू दे. त्याला कोणी काही विचारू नका. मीही गप्प बसतो.