गुरुवारचा डेमो

डेमोला मी मुद्दाम गुरुवार दिला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जातात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मुंबईच्या माणसाला काय कल्पना? नवी कॉम्प्युटर-यंत्रणा विकणारा पियुष फोनवर म्हणाला, "थर्सडे? फाइन, मॅडम." मी फोन ठेवला आणि चहा मागवला.

सगळं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई कारस्थानी आहे. आहेच, पण तशी वेळ आली होती.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा मे महिना. नाना पेठेत आप्पासाहेबांचा मोटारींच्या सुट्या भागांचा घाऊक धंदा. वरच्या मजल्यावर ऑफिस, आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर माझ्या डोक्यावर. सगळी खिचडी होती. आत युनिक्सचा सर्व्हर, ऑर्डर घेणाऱ्यांच्या टेबलांवर डॉसची जुनी यंत्रं आणि हिशेबाकडे विंडोज. आमच्या जुन्या सर्व्हरला दोन हजार साल कळणार नव्हतं, त्यामुळे बदलणं अटळ होतं. प्रश्न एवढाच, की युनिक्सचीच नवी आवृत्ती घ्यायची, की सगळं उपटून सरसकट विंडोज एनटी बसवायचं. आप्पासाहेबांना एनटी हवं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. तीन प्रकारच्या यंत्रांची भांडणं सोडवून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

अडचण कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. दत्तप्रसाद. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात हेडफोन. त्यांच्या डॉसच्या यंत्रावर युनिक्समधून नुसती अक्षरंच यायची, आणि त्याला जोडलेलं एक खोकं पडद्यावरचं अक्षर न् अक्षर त्यांना वाचून दाखवायचं. फलटणहून कुणी क्लच प्लेट मागितली, की हे टाइप करणार आणि ते खोकं चिरक्या इंग्रजीत सांगणार, माल किती शिल्लक आहे ते. एनटीवरचा नवा ऑर्डरचा प्रोग्राम मात्र सगळा चित्रांचा आणि माउसचा. त्यापुढे खोकं मुकं होणार. विंडोजवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, पण ते परदेशातून मागवायचं, आणि हा प्रोग्राम त्याला वाचता येईल याची हमी पियुषसकट कुणी देईना.

आमचं दोघांचं कधी पटलं नाही. माणूस तिरसट. मी नवीन असताना हाताला धरून जिना उतरवायला गेले, तर म्हणाले, "जिना मला सापडतो. तुम्हाला माझ्या यंत्रातला बिघाड सापडला का?" त्या दिवसापासून मी कामापुरतंच बोलायची.

तरी बदलाचं आधी त्यांच्याच कानावर घातलं. त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "इथे यायच्या आधी मी वेताच्या खुर्च्या विणायचो. बोटं सोलून निघायची. ते मी परत करणार नाही, वासंतीबाई."

"मग आप्पासाहेबांना सांगते तसं."

"माझं नाव काढायचं नाही. आंधळ्यासाठी ठेवलं असं एकदा झालं, की उद्यापासून माझी प्रत्येक चूक आंधळ्याची होईल. युनिक्स चांगलं असेल तर चांगलं म्हणून ठेवा."

"आणि नसेल तर?"

"तर नसेल. शब्द द्या."

दिला शब्द. आणि मग बसले डोकं धरून. याला म्हणतात धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून गुरुवार. आप्पासाहेबांच्या काटकसरीमुळे यूपीएसच्या बॅटरीवर यंत्रं होती, पण मॉनिटर नव्हते. लाइट गेले की सगळे पडदे काळे. सगळे हाताची घडी घालून बसणार, आणि दत्तप्रसाद एकटे फोन घेत राहणार, कारण त्यांना पडदा लागतोच कुठे? आप्पासाहेब बसतात खाली गल्ल्यावर, त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. डेमोच्या भर मध्यात एकदा पाहिलं असतं, तर नाव न घेता काम झालं असतं.

गुरुवार उजाडला. पियुष टाय लावून हजर. आप्पासाहेब वर येऊन माझ्याच खुर्चीत बसले. डेमो सुरू झाला आणि लाइट काही जाईनात. पंखा आपला इमानेइतबारे फिरतोय. मागच्या बोळात सकाळपासून काहीतरी धडधडत होतं, ते मला शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं वाटलं. माझं सगळं लक्ष पंख्याकडे.

मी वेळ काढायला लागले. जुनी यंत्रं एनटीला पेलणार नाहीत, म्हटलं. पियुष म्हणाला, नवी देऊ, जुनी परत घेऊ. व्हायरसचं काय, म्हटलं. त्याचंही उत्तर तयार. पोरगा हुशार होता, आणि वाईट याचं वाटत होतं की तो खोटं बोलत नव्हता. माउसने टिचकी मारली की गिऱ्हाईक, टिचकी मारली की माल, टिचकी मारली की बिल. आप्पासाहेबांचे डोळे चमकायला लागले.

"मग करून टाकू," ते म्हणाले. "मॅडम, तुमचं काय?"

पार्टिशनच्या पलीकडे चालू असलेलं टाइपिंग थांबलं. पार्टिशन कसलं, प्लायवूडचा तुकडा तो. दत्तप्रसाद ऐकत होते. हो म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि माझी सगळी कटकट मिटली असती. पण डोळ्यांपुढे ती सोललेली बोटं येत होती. संताप आला मला, त्या माणसाचा, त्याच्या अटीचा आणि त्या पंख्याचा.

मी उठले आणि डेमोच्या मॉनिटरचं बटण बंद केलं.

"आता घ्या एक ऑर्डर," मी पियुषला म्हटलं.

तो हसला. "मॅडम, दिसत नाहीये काही."

"दत्तप्रसादांनाही नाही दिसत."

पियुषने माउसवरचा हात काढून घेतला.

आप्पासाहेब त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी का न्हाय सांगितलं?"

"त्यांना मी शब्द दिला होता, नाव काढणार नाही म्हणून."

"आन् म्हणून गुरुवार दिला व्हय?" मी मान खाली घातली. "मॅडम, मी पण हडपसरचाच हाय. लाइट सकाळीच गेली. डेमो हाय म्हणून मागं जनरेटर आणून लावलाय."

धरणीमातेने पोटात घ्यावं असं झालं मला.

"दोन्ही ठेवलं तर जमतंय?" त्यांनी विचारलं. "हिशेबाला विंडोज, ऑर्डरीला युनिक्स?"

"जमेल. पण खिचडी तशीच राहील, आणि निस्तरायची मलाच."

"एक जानेवारीला बोंबाबोंब झाली तर?"

"तर मी घरी बसेन."

"ठरलं मग," म्हणून ते पियुषला घेऊन खाली गेले.

मी पार्टिशनला वळसा घालून गेले. आता तोंडावर काय फेकून मारतात, याची तयारी ठेवूनच गेले. दत्तप्रसादांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

"नाव घेतलंत."

"घेतलं. चुकलं माझं, पण परत वेळ आली तर परत घेईन."

"घ्यायचंच होतं तर उखाण्यात तरी घ्यायचं."

मला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. दिसत नाही त्यांना ते एक बरं, असं वाटलं, तर त्यांनी खिशातला रुमाल काढून मुकाट्याने माझ्या दिशेने टेबलावर सरकवला.

एवढ्यात मागची धडधड थांबली. पाहुणा गेल्यावर जनरेटर कशाला जाळतील आप्पासाहेब? पंखा मंदावत थांबला, एकेक पडदा काळा झाला, आणि ऑफिसभर खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज आले. दत्तप्रसादांचा फोन वाजला.

"लाइट गेले?" त्यांनी हेडफोन कानावर चढवत विचारलं.

"गेले."

"मग बसा तुम्ही सगळे. आम्हाला कामं आहेत."