चावीची वेणी

गाठ बसत नव्हती. बाटलीच्या मानेखालची खाच गुळगुळीत, पट्टी तिच्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होती आणि मायाक्काचा अंगठा लालबुंद झाला होता... कारखान्यात टॉवेलच्या कडेच्या कापून फेकलेल्या पट्ट्या, त्यांची तिपेडी वेणी — लाल, पांढरी, लाल. शेवटी तिने मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ मारली, दातांनी ओढली. बसली. आता ही मेली तरी सुटायची नाही.

पट्टा खांद्यावरून आडवा घेऊन तिने आरशात पाहिलं आणि लगेच काढला. पिशवीतली बाटली डब्याखाली लपते. गळ्यातली कुठे लपणार? सगळ्या शेडला दिसणार की ही बाई पाणी पिते, म्हणजे ही बाई मुतायला जाणार — आणि शिलाईला बसणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत. निघताना चूळ भरायची, बास. संध्याकाळी घरी आल्यावर उभ्याउभ्या तांब्या रिकामा करायचा. कुणी शिकवलं? कुणीच नाही. संडासाची चावी मुकादमाच्या खिशात, आणि ती देताना तो आधी घड्याळाकडे बघतो, मग आपल्याकडे, मग हसतो — एवढं पुरतं. परवा लघवीतून रक्त गेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या, लागली की लगेच जा. दाबून धरलंत तर किडन्या जातील." लगेच जा! बाई, तुमच्या संडासाला कुलूप नसेल.

अक्कलकोट रोडवर सायकल हाणताना बाटली बरगडीवर आपटत राहिली. कारखान्याच्या फाटकाशी ती थांबली — काढू? पिशवीत टाकली तर कोण विचारतंय... किडन्या विचारतील. ती तशीच आत गेली.

"काय अक्का, शाळंला निघालीस जनू!" मुकादम शिवानंद ओरडला. "दप्तर कुटं इसरलीस?"

बायका फिदीफिदी हसल्या. शेजारच्या मशीनवरची पिंकीही हसली, मग वाकून कुजबुजली, "अक्का, काढ की ती. उगं नजरंत येतीस."

"डोळं हायत त्येला. बघू दे."

बोलून तिने बाटली वर घेतली. टोपण उघडलं. कोमट पाणी, प्लास्टिकचा वास — आणि त्याचे डोळे तिच्या गळ्यावर, घोटासरशी वर-खाली. मोज म्हणावं, मोज!

जेवणाच्या सुट्टीआधीच ओटीपोट तट्ट झालं. रोजच्यासारखे पाय आपोआप आवळले गेले, आणि त्या आवळल्या पायांचाच तिला असा संताप आला की हातातलं काम टाकून ती उठली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चावी."

"आत्ताच? सुट्टीला जा की."

"आत्ताच."

त्याने खिशातून चावी काढली, बोटाभोवती फिरवली, घड्याळाकडे पाहिलं. चावीला वेणी होती, दुसरं टोक त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेलं — लाल, पांढरी, लाल. दिवाळीत त्यानेच मागितली होती, "अक्का, चावी लई हरवती, एक वेणी घालून दे की." तिने दिली होती, हसत, तीच गाठ मारून.

तो हसू लागला. तिने हात पुढे केला. ती गाठ सुटणार नाही, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक... पण वेणी? वेणी नुसत्या चिंध्यांची, कापली की तुटली. दोरे कापायची कात्री टेबलावर ठेवायची राहूनच गेली होती. दुसऱ्या हातात ती आता गरम लागत होती —