पिंटूचे दहा सेकंद

माझी पणजी अचलपूरच्या देवळात वाजत असे, आजी कापसाच्या जिनिंगमधल्या कामाच्या पाळ्या बदलत असे आणि आई हिवरखेडची शाळा भरवत असे. धातू तोच, ओताऱ्याने प्रत्येक पिढी वितळवून पुढची घडवली. आमच्या घराण्यात वेळेशी खोटे कोणी बोलले नव्हते. मित्रांनो, त्याच घराण्यातली मी एक जुनी घंटा आहे. अमरावतीच्या बॉक्सिंग रिंगणाशेजारी माझे आयुष्य गेले.

माझ्या टोलाने फेरी सुरू होई, माझ्याच टोलाने संपे. हातोडी कुंदाबाईंच्या हाती असे. दहा सेकंद उरले की त्या शेजारच्या लाकडी पाटावर हातोडी आपटून इशारा देत. रिंगणात उतरण्यापूर्वी भले भले मुष्टियोद्धे मला हात लावून तो कपाळी नेत. तो मान मी हक्काने घेतला.

बत्तीस वर्षांपूर्वी विभागीय अंतिम लढतीच्या शेवटच्या फेरीत वरूडच्या पिंटू वानखडेने अकोल्याच्या रामराव गावंडेला दोरांशी गाठले. रामराव गुणांत पुढे होता, पण त्याचे गुडघे वाकले होते. दहा सेकंद उरले, आणि कुंदाबाईंची हातोडी पाटाऐवजी माझ्यावर पडली. पंचाने लढत थांबवली. गुणांवर कप जिंकून रामराव राज्य स्पर्धेला गेला. पिंटू संत्र्यांच्या पेट्या भरायला वरूडला परतला. कुंदाबाई गप्प राहिल्या. खोटा टोल मात्र माझ्या नावावर राहिला.

पुढे विजेचा भोंगा आला. मैदान आखायच्या फक्कीच्या पोत्यांखाली मी हिरवी पडले.

यंदा अकोल्यात जुन्या नामवंतांची प्रदर्शनीय लढत ठरली. तीन फेऱ्या, पिंटू आणि रामराव. दोघेही साठीला टेकलेले. कुंदाबाईंनी अट घातली, भोंगा नको, घंटा हवी. त्यांनी स्वतः मला चिंचेने घासले. मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवाव्यात. कोणाचे काय त्यांच्यापाशी राहिलेले असते, हे सांगता येत नाही.

"काहो रामराव, पयले पोट येईन का बुक्की?" हातमोजे बांधता बांधता पिंटूने विचारले.

"येऊन तं पाय, मंग समजीन."

कुंदाबाई दोघांसमोर उभ्या राहिल्या. "पिंटू, तुझे दहा सेकंद माझ्या चुकीने गेले. आज देणार आहे."

पिंटूचे हसू थांबले. "बत्तीस वर्सं काहून गप्प रायल्या, बाई?"

"नोकरी जाईल म्हणून भ्याले."

"मले तवाच समजलं होतं," रामराव खाली पाहत म्हणाला. "पाट वाजलाच नाई. कप हाये घरी, पण पाहुण्याइपुढं कधी ठेवला नाई."

दोघांनी मला हात लावला.

तिसऱ्या फेरीपर्यंत दोघांचाही दम संपला होता. पाट वाजला. वेळ संपली, तरी हातोडी वर थांबलेली. एक सेकंद गेला, दोन गेले. रामरावाला उमगले. त्याने दोन्ही हात खाली सोडले.

"घे नं. तुये हायेत."

पिंटू पुढे सरकला. मग त्याने पोटावर एकच सरळ ठोसा मारला. दया न करता, राग न धरता. रामराव मटकन खाली बसला.

"फिटलं?" त्याने धापा टाकत विचारले.

पिंटूने हात पुढे केला. "फिटलं."

दहावा सेकंद पुरता भरला. मग कुंदाबाईंनी टोल दिला, आणि मी खरी वाजले.