कथबर्टच्या वाफ्यावरचं खोपटं

मी कथबर्ट हाइंडमार्शच्या वाफ्यावरचं खोपटं बोलतोय. दचकलात? दचका खुशाल. इतकी वर्षं इथल्या माणसांच्या गप्पा मुकाट्यानं ऐकून घेतल्या, आता माझी पाळी.

आधीच सांगून ठेवतो, माझ्या भाषेत चुका काढत बसू नका. माझं दार शाळेचं आहे, पण ते बालवर्गाचं. गावातली शाळा पाडली तेव्हा मोठ्या वर्गांची दारं जॉस रटर नावाच्या दुसऱ्या एका वाफेवाल्यानं पळवली आणि आमच्या वाट्याला हे आलं. म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं. पण दाराची मूठ लहान पोरांच्या हाताला लागेल अशी, चांगली खाली. आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो नगरपालिकेचा साहेब का असेना, माझ्यापुढं वाकावं लागतं. त्यात मला फार मजा येते.

माझी खिडकी बसची. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं तिच्यावर अजून लिहिलेलं आहे, आणि कथबर्टची लेक ऑड्रीबाई रागावल्या की घरातली पुरुषमंडळी तिच्याकडं आशेनं बघतात. जमीन प्रार्थनामंदिरातल्या बाकांची, त्यामुळं मी पायांपुरता धार्मिक आहे. भिंती म्हणजे खाणकामगारांच्या पाडलेल्या घरांची दारं. त्यांतल्या एकावरचा घरनंबर तसाच राहिलाय. एक नवा पोस्टमन त्यावर टकटक करून बराच वेळ उभा होता. मी काही बोललो नाही. छपराचे पत्रे कबुतरखान्यातले. पाऊस लागला की अजून ते आतल्या आत घुमतात.

आता तुम्ही म्हणाल, असा कसा हा सतरा बापांचा? तर आमच्या वाफ्यांवर, म्हणजे नगरपालिकेनं गावकऱ्यांना भाजीपाल्यासाठी भाड्यानं दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर, एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. वाफ्यावर खोपटं बांधायचं तर दुकानातून काही आणायचं नाही. मागून आणा, अदलाबदल करा, पाडकामातून उचला, मालकाची पाठ फिरली असताना आणा, सगळं चालतं. विकत आणलं की माणूस मनातून उतरला. एकानं नवीकोरी कडी विकत घेतली होती. तो मरेपर्यंत त्याला सगळे 'लॉर्डसाहेब' म्हणत. मेल्यावर त्याची कडी मात्र तिघांनी मागितली, कारण तोवर ती जुनी झाली होती.

आमचं गाव उत्तर इंग्लंडातलं, डरहॅमकडचं, समुद्रकाठचं. खाण बंद पडली त्यानंतरच्या हिवाळ्यात वादळानं कथबर्टचं आधीचं खोपटं उचललं आणि रेल्वेच्या रुळांपलीकडं नेऊन आपटलं. कथबर्टची छाती तोवर कोळशाच्या धुळीनं भरलेली. घरापासून वाफ्यापर्यंत चढ. वर पोचलं की बराच वेळ बसल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्याच्यासारख्या बडबड्याला ही केवढी शिक्षा!

त्याची मुलगी ऑड्री एक दिवस ठाम उभी राहिली. "बाबा, वर बसायला आडोसा नाही. वारं असं बोचतंय. मी तुम्हाला नाही पाठवणार. वाफा सोडून द्या."

"आणि लीक कोण लावणार?"

"खड्ड्यात गेले तुमचे लीक."

"खड्ड्यातच लावतात ते, बाळ."

लीक म्हणजे कांद्याच्या घराण्यातला एक पांढरा, जाडजूड, गर्विष्ठ इसम. इथं शरद ऋतूत त्यांची स्पर्धा होते. इथले पुरुष बायकोचा वाढदिवस विसरतील, पण आपल्या लीकचा घेर विसरणार नाहीत. ज्या त्या घराचं स्वतःचं वाण असतं. बाप मुलाला देतो, मुलगा नातवाला. घराबाहेर एक रोप जात नाही. वाफा सोडायचा म्हणजे कथबर्टच्या दृष्टीनं श्वास सोडायचाच प्रकार होता. ऑड्रीलाही ते कळत होतं. म्हणून तिनं शेवटी एवढंच कबूल केलं, की रोपं लावायच्या दिवसांपर्यंत खोपटं उभं राहिलं तर बाबा वर जातील. नाही राहिलं तर वाफा नगरपालिकेला परत.

बांधणार कोण? तर ऑड्रीचा नवरा, ट्रेवर.

हा ट्रेवर लंडनच्याही खालच्या अंगाचा, म्हणजे पार दक्षिणेकडचा, विम्याच्या कचेरीतला. वाफ्यावर टाय घालून आलेला पहिला माणूस. लग्न होऊन चांगली वर्षं झाली होती, तरी तो सासऱ्याला 'मिस्टर हाइंडमार्श' म्हणायचा. आणि सासरा त्याला म्हणायचा, 'ए विमा'.

ट्रेवर बरोबर असेल तेवढ्यापुरती ऑड्रीनं वर जायची मुभा दिली होती, म्हणून कथबर्ट पालथ्या खोक्यावर बसून हुकूम सोडायचा.

"ए विमा, हातोडा धरलायस की चहाचा चमचा?"

"चुकलं, मिस्टर हाइंडमार्श."

"खिळा वाकडा गेला तर तो माफी मागतो का? मग तू कशाला मागतोस? ठोक!"

मीही जमेल तशी मदत केली. म्हणजे फळी जरा सरकवली आणि ट्रेवरचा अंगठा चेपला. त्याच्या तोंडून जो शब्द निघाला, तो ऐकून कथबर्ट हसला, मग खोकला, मग खोकता खोकता पुन्हा हसला. "येतंय की तुला आमच्याकडचं बोलायला!"

भिंती उभ्या राहिल्या, दार बसलं, पत्रे येऊन पडले. अडलं ते आढ्यावर. पत्रे पेलायला एक लांब, सरळ, दणकट लाकूड हवं होतं. ते काही मिळेना. ट्रेवर रोज कचेरीतून सुटल्यावर पाडकामांच्या ढिगाऱ्यांवर टायसकट चढायचा आणि हात हलवत परत यायचा. दिवस मोठे व्हायला लागले. रोपं खिडकीतल्या डब्यांमधून माना वर काढायला लागली. कथबर्टचा श्वास मात्र आखूड होत चालला.

"विकत..." ट्रेवरनं एकदा चाचरत म्हणून पाहिलं.

"विकतच्या छपराखाली मी बसणार नाही," कथबर्ट म्हणाला. "त्यापेक्षा घरी बसून मरेन. तेवढं तरी फुकट आहे."

मग एका शनिवारी ट्रेवर गाडीच्या टपावर आढं बांधून हजर! काळपट, ओरखडलेलं, अंगावर गंजके खिळे. "मिळालं," एवढंच म्हणाला आणि चढवायला लागला.

ते आढं माझ्या डोक्यावर बसलं आणि थरथरत माझ्या कानाशी लागलं. "दादा, मी परवापर्यंत दुकानात होतो हो! या माणसानं मला चहानं आंघोळ घातली, व्हिनेगर पाजलं, चुलीची काजळी फासली, साखळीनं बडवलं आणि वर जुने खिळे मारले. माझं काय चुकलं?"

मी इतका हसलो की पत्रे वाजले. तुम्हीच सांगा, चोरीचा माल विकत घेतलाय असं सांगणारे तुम्ही पाहिले असतील. पण रीतसर पैसे मोजून घेतलेला माल उचललेला वाटावा म्हणून आठवडाभर खपणारा असा कुणी पाहिलाय?

हसू लवकरच जिरलं. चढावरून जॉस रटर येताना दिसला. जॉस आमच्या वाफ्यांचा चिटणीस आणि लीकच्या स्पर्धेतला कथबर्टचा जन्माचा वैरी. नाक कोल्ह्याचं. त्याला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि मग कथबर्टनं माझ्यात पाऊल टाकलं नसतं. वाफा गेलाच म्हणायचा.

जॉसनं माझ्याभोवती फेरी मारली, वाकून आत आला आणि हुंगला. "कथबर्ट, वास कसला रे हा? लोणच्याच्या बरणीत डोकं घातल्यासारखं वाटतंय."

ट्रेवरचे कान बीट झाले.

"आढं झकास आहे. कुठून उचललं रे, विमेवाल्या?"

ट्रेवर टायची गाठ घट्ट करायला लागला. विम्याच्या कचेरीत इतकी वर्षं काढूनही त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात खोक्यावरून कथबर्ट उठला. माझ्या चौकटीला धरून उभा राहिला. "मासे-चिप्सच्या दुकानाचं आहे ते. समुद्रावरचं पाडलं नाही का नुकतंच? इतकी वर्षं चिप्सवर शिंपडलेलं व्हिनेगर त्याच्यावर उडालंय. मग काय गुलाबपाण्याचा वास येईल?"

"कुठलं दुकान?"

"डॉबसनचं."

असं दुकान समुद्रावर कधीच नव्हतं. पण आमच्या वाफ्यांवर 'मला माहीत नाही' म्हणणं हा विकत आणण्याच्या खालोखालचा गुन्हा. जॉसनं जरा मान खाजवली. "हां, डॉबसन! गेलोय की मी. मासा बरा असायचा. चिप्स जरा तेलकट."

"जरा?"

"चिक्कार तेलकट," जॉस ठामपणे म्हणाला.

"तर आमच्या पोरानं काय केलं," कथबर्ट सांगत सुटला, "तिथल्या मुकादमाला बोलण्यात गुंतवलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत... हे लाकूड... गाडीवर चढवलं. मुकादमानं वर दोरी बांधायलाही मदत केली! तुला... जमलं असतं का रे, जॉस?"

आमच्या पोरानं. मी माझ्या सगळ्या दारांनी ते ऐकलं. श्वास पुरवून पुरवून वापरायचे दिवस होते ते, आणि त्या म्हाताऱ्यानं सगळ्या सकाळची शिदोरी त्या एका थापेवर उधळली होती.

जॉसनं ट्रेवरकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "दिसत नाहीस रे तसा," म्हणाला, आणि चक्क हात मिळवून गेला. पुढं पुढं तर तो सांगायला लागला, की त्यानं बायकोला लग्नाचं विचारलं ते डॉबसनच्या दुकानासमोर.

तो गेल्यावर कथबर्ट पुन्हा खोक्यावर टेकला, ट्रेवर हातोडा पुसत बसला. एकाला दम नव्हता, दुसऱ्याला धीर नव्हता.

"मिस्टर हाइंडमार्श, ते आढं..."

"चहा पुरला असता," कथबर्ट म्हणाला. "व्हिनेगर कशाला ओतलंस एवढं?"

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"गाडीवरून उतरवलंस तेव्हाच. दुकानाची चिठ्ठी अजून त्या टोकाला चिकटलीय, गाढवा. आधी ती काढ."

ट्रेवर चिठ्ठी खरवडायला वर चढला. तो खाली उतरेपर्यंत कथबर्ट वाकून आत शिरला होता आणि त्या विकतच्या आढ्याखाली टेकून बसला होता. डोळे मिटलेले. माझ्या जमिनीवर पहिलं माणूस बसलं ते हे.

दुसऱ्या दिवशी ऑड्रीनं रोपांचे डबे वर आणून दिले. कथबर्टनं त्यातला एक एक डबा ट्रेवरच्या हातात ठेवला. "घे. मला आता वाकणं होत नाही. जॉसला यातलं एक जरी दिलंस, तर भूत होऊन तुझ्या कचेरीत येऊन बसेन."

ट्रेवरनं टाय काढून माझ्या खिळ्याला टांगला. अजून तिथंच आहे. त्यावर कोळ्यानं जाळं केलंय.

तो सगळा उन्हाळा म्हातारा माझ्यात बसून होता. बसच्या खिडकीतून ओरडायचा, ट्रेवर मातीत गुडघे टेकून ऐकायचा. स्पर्धेत आमचे लीक जॉसच्या मागं राहिले. कथबर्टनं परीक्षकांच्या डोळ्यांवर, त्यांच्या आयांवर आणि त्यांच्या मोजपट्टीवर शंका घेतली आणि घरी जाताना सगळ्यांना सांगितलं, "पहिलंच वर्ष आहे पोराचं." पानं गळाली त्या सुमारास तो यायचा थांबला. मग एक दिवस ऑड्री एकटीच वर आली. तिनं त्याचा कप धुतला, पुसला, फळीवर पालथा घातला आणि दार लोटून माझ्यात बसून पोटभर रडली. मी तिला वारा लागू दिला नाही. मला तेवढंच येतं.

आता मी कललोय. समुद्राकडून वारा सुटला की सगळी दारं आपापसांत भांडतात. जॉसही गेला. ट्रेवरचे केस पांढरे झालेत, आणि चढ चढून आला की तोही आधी बसतो, मग बोलतो. लीक त्याचे आता चांगले येतात, पण ते मी तोंडावर सांगणार नाही. डोक्यात जायचं.

एक मात्र त्याचं चालूच आहे. त्या उन्हाळ्यात आत येण्याआधी तो बाहेर उभा राहून विचारायचा, "येऊ का, मिस्टर हाइंडमार्श?" आत म्हाताऱ्याला उत्तर द्यायला दम नसायचा. तो काठीनं दार जरा ढकलायचा, बिजागरी कुरकुरायची, आणि ट्रेवर आत यायचा. अजून तो रोज वाकून मुठीला हात लावतो आणि विचारतो, "येऊ का?" आणि थांबतो. मी थोडं अंग हलवतो. वारा असो की नसो, बिजागरी कुरकुरते. मग तो आत येतो.

गेल्या आठवड्यात ऑड्रीबाई तेलाचा डबा घेऊन आल्या होत्या. "किती कुरकुरतं हे मेलं दार!" म्हणाल्या. तेवढ्यात पाऊस आला म्हणून वाचलो. डबा फळीवरच ठेवून गेल्यात.

कुणी त्यांना भेटलात तर माझा एवढा निरोप सांगा. बाई, पत्रे बदला, भिंती सरळ करा, हवं तर मला नवा रंग द्या. तेवढी बिजागरी राहू द्या. तो बाहेरून विचारतो तेव्हा कुणीतरी 'ये' म्हणायला हवं ना.