राक्षसाचं तोंड भिंतीकडे

या गावात मला नावानं हाक मारणारं माणूस उरलेलं नाही. माझे मालक दौलतराव 'अवो' म्हणतात, भाजी न्यायला येणारे व्यापारी 'मावशी' म्हणतात, आणि ज्यांचं माझ्याशी पटत नाही ते माझ्या समोरून जाताना जमिनीकडे बघतात. त्यामुळे त्या दुपारी ओसरीवर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते आणि घरातून एका परक्या बाप्याचा आवाज आला, "पंचफुला, धर! धर त्याले! सोडू नको!" तेव्हा हातातली जुडी हातातच राहिली.

आवाज सुनेच्या खोलीतून येत होता. सून म्हणजे प्रियदर्शनी, माझ्या पवनची बायको. वाशीमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. घरी बसून लॅपटॉपवर कुठल्या कंपनीचं काम करते. आम्ही शिरपूरच्या अलीकडे वाडीतच राहतो, घराभोवती वांगी, मेथी, भेंडी. बाप-लेक भाजी घेऊन गेले की घरात आम्ही दोघीच.

पडदा सारून आत गेले. प्रियदर्शनीच्या कानातली वायर लॅपटॉपमधून निघून खाली लोंबत होती, तिला पत्ताच नव्हता. लॅपटॉपमधून तो बाप्या पुन्हा ओरडला, "पंचफुला, मागं सरू नको!"

"कोन आहे रे तू?" मी त्या लॅपटॉपला विचारलं. "माह्या घरात माह्या नावानं बोंबलून राह्यला, तुले मायबाप आहे का नाही?" आणि झाकण खाली आपटलं.

"आई!" प्रियदर्शनी किंचाळली. "मेले न सगळे!"

"कोन मेलं?"

"आमची सगळी टोळी! दहाच्या दहा!"

मला वाटलं पोरीला ऊन लागलं. पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. मग तिनं झाकण उघडून दाखवलं. काळ्या डोंगराची एक गुहा, तिच्यात एक पंखवाला राक्षस, आणि त्याच्या पायाशी दहा मुडदे. सगळ्यांत पुढं एक धिप्पाड बाई उताणी पडलेली, तिच्या छातीवर दाराएवढी ढाल.

"हे मी आहे," प्रियदर्शनी म्हणाली.

"अन् पंचफुला?"

ती लाजली. "तेबी मीच. खेळात आपलं एक नाव ठेवा लागते. राक्षसानं सगळ्यांले सोडून जिच्याकडं वळावं, असं नाव पाह्यजे होतं. मले दुसरं सुचलंच नाही, आई."

यावर रागवावं की काय करावं, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. पण त्या बाईची ढाल मला आवडली होती.

तो ओरडणारा बाप्या म्हणजे गोपीचंद, अकोल्याचा, कुठल्याशा दुकानात हिशेब लिहितो. टोळीचा म्होरक्या तोच. संध्याकाळी त्यानं प्रियदर्शनीला सांगितलं ते मी उभी राहून ऐकलं. "ताई, तुम्ही चांगल्या खेळता. पण मधूनच गायब होता. मागं एकदा लाईट गेली, आज सासूबाई आल्या. नऊ माणसांचा दिवस वाया जातो. येत्या रविवारी दुपारी पुन्हा जाऊ. तेव्हा उठलात तर मला दुसरा टँक घ्यावा लागेल."

ढालवाल्याला ते टँक म्हणतात. प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. दोन वर्षं या टोळीत होती ती. इथं वाडीत तिच्या वयाचं कोण आहे? भेंडी आहे आणि मी आहे.

मला त्या गोपीचंदाचा राग आला, पण त्याहून जास्त मला एक गोष्ट समजेना. दुसऱ्या दिवशी मेथीचा भारा घेऊन मी तिच्या पलंगाजवळ जाऊन बसले.

"खेळ. मी पाह्यते."

ती एकटीच लहानसहान भुतं मारत होती. ढाल पुढं, भुतं अंगावर.

"अवं, मार की त्याले! नुसती मार खाऊन कायले राह्यली?"

"आई, मारणं माझं काम नाही. मारणारे मागं असतात. त्यानं त्यांले मारू नये, माह्याकडंच पाह्यत राहावं, हे माझं काम."

"अन् तो तुझ्याकडंच कायले पाह्यन?"

"त्याले डिवचा लागते. हे बटन दाबलं की ती ओरडते, टोमणा मारते, अन् राक्षसाचं डोकं फिरते."

माझ्या हातातली मेथी थांबली. टोमणा मारण्याचं बटन असतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी ते काम आयुष्यभर फुकटात, बिनबटनाचं केलं.

"मंग तं सोपं आहे," मी म्हटलं.

"नाही न आई. नुसतं डिवचून होत नाही." मग ती सांगत गेली आणि मी विचारत गेले. राक्षसाच्या तोंडातून आग निघते, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवायचं, पाठ आपल्या माणसांकडे. मारणाऱ्यांनी घाई केली तर तो त्यांच्यावर उलटतो, म्हणून आधी आपण त्याला नीट धरायचं. तो मोठा घाव घालायच्या आधी मान मागं घेतो, ते ओळखून ढाल वर करायची. घाव बसल्यावर नाही. मागं एक पोरगी उभी राहून औषधपाणी करत असते, तिच्यावर भरवसा ठेवायचा. आणि सगळ्यात शेवटी एक मोठी ढाल असते, ती एका लढाईत एकदाच निघते.

"ते वापरली अन् तरीबी तो पडला नाही तं?"

"मंग आपण पडायचं."

"अन् जितलं तं नाव कोनाचं?"

"मारणाऱ्यांचं. त्यांचे आकडे मोठे दिसतात. आपण फक्त उभं राह्यलो, एवढंच."

हे मला पटेना. भांडणात दोनच माणसं असतात, जितलेलं आणि हारलेलं. फक्त उभं राहिलेलं हे तिसरं कुठून आलं? आठवडाभर मी तिला काहीबाही विचारत राहिले. राक्षसाला कान असतात का? टोमणा मराठीतून मारला तर चालतो का? दौलतराव म्हणाले, "अवो, तुमाले काय त्याच्यात नोकरी लागली का?"

"तुमचं काम नाही थे," मी म्हटलं. "तुमी मागून मारणाऱ्यातले."

रविवारी जेवणं लवकर उरकली. पवन आणि दौलतराव टेम्पो भरून वाशीमला गेले. प्रियदर्शनीनं केस बांधले, कानात वायर घट्ट बसवली.

"किती वेळ लागन?"

"हरभऱ्याची घुगरी शिजाले लागते तेवढा. पण मधून उठता येत नाही, आई. उठली तं गेली."

"तू बस. ओसरीवर मी आहे. आज यम जरी आला तरी त्याले पाणी मीच देईन."

यम आला नाही. मनकर्णाबाई आल्या.

मनकर्णाबाई म्हणजे माझी विहीण, माझी लेक राखी दिली त्या घरची. कारंजाकडच्या धनजच्या. न सांगता यायची त्यांची रीत, म्हणजे आपलं घर जसं असेल तसं बघायला मिळतं. आणि त्या आल्या की सुनेनं डोक्यावर पदर घेऊन बाहेर यायचं, पाणी द्यायचं, पाया पडायचं, समोर बसायचं. यातलं एक चुकलं तर त्याचा झटका धनजला राखीला बसतो. झोपली म्हणावं तर त्या उठवणार. बिमार म्हणावं तर काढा करायला आत जाणार. आणि खेळून राहिली म्हटलं असतं, तर ती गोष्ट बसमध्येच चार गावं फिरली असती.

"सून दिसत नाही व," चपला काढता काढता त्या म्हणाल्या. डोळे पडद्यावर.

मी खुर्ची उचलली आणि अंगणाकडं तोंड करून ठेवली. पाठ पडद्याकडे. "दिसन न. आधी बसा. एवढ्या लांबून आल्या अन् पिशवी रिकामीच?"

मान गर्रकन माझ्याकडं फिरली.

"रिकामी कायले असन? केळं आणले."

"हो का? मले वाटलं केळं वाटेतच दमले. तोंड पाहा त्यांचे."

"काल घेतले तवा कवळे होते."

"म्हंजे काल निघाल्या का धनजवरून?"

बसल्या त्या. माझ्याकडं वळून, नीट. मी पाणी दिलं, पाया मीच पडले, आणि मनात म्हटलं, धरलं.

पण तोंड सांभाळून चालवायचं होतं. राखीचं नाव काढलं तर घाव राखीवर जाईल. म्हणून त्यांच्या घरचा, पोराचा, सैपाकाचा विषय नाही; फक्त त्या आणि मी. मी त्यांच्या नव्या लुगड्याच्या रंगाला नाव ठेवलं. त्यांनी माझ्या ओसरीच्या सारवणाला ठेवलं. मी म्हटलं तुमचे गुडघे आता बसच्या पायरीलाही ऐकू येत असतील. त्या म्हणाल्या तुमचे केस पिकले पण तोंड अजून कच्चंच.

तेवढ्यात आतून प्रियदर्शनीचा आवाज आला, मोठ्यानं. "माह्याकडं आहे! मारा, मारा!"

मनकर्णाबाईंनी मान वळवली. "कोनाले मारा म्हणून राह्यली?"

"उंदीर आहे."

"अन् एकटीच कोनाले सांगून राह्यली?"

"उंदराले समजावून पाह्यते ती आधी. शिकलेली आहे न. तुमच्या इकडं तं उंदीरबी सासू पाहून गाव सोडते म्हणतात."

परत फिरल्या. पण या वेळी हसल्या नाहीत. मान जराशी मागं घेतली, डोळे बारीक केले. मोठा घाव येणार, हे मला दिसलं.

"पंचफुलाबाई," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी वर्षांनी माझं नाव मी समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं. "तुमच्या या तोंडापायी तुमची सख्खी बहीण भुरीबाई तुमचा उंबरा चढत नाही. धनजपर्यंत ऐकू येते थे. मरणाच्या दारीबी येणार नाही म्हणते."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्यांच्या थोरल्या दिराच्या घरात काय घडलं ते मला ठाऊक आहे, आणि ते बोलले असते तर मनकर्णाबाई उठून थेट बसथांब्यावर गेल्या असत्या. मी जितले असते. आणि पुढच्या सणाला राखीच्या ताटात काय पडलं असतं?

मारणं माझं काम नाही.

"खरं आहे," मी म्हटलं. "येत नाही भुरी."

मनकर्णाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. समोरून उलटा टोमणा आला नाही तेव्हा त्यांचं मन माझ्यावरून उडालं. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चला, सुनेले पाहून घेऊ द्या. उंदीर तं पाहू कसा आहे." आणि पडद्यापाशी पोचल्यासुद्धा. हात पडद्याला लागला.

मी उठले. माझ्याकडं आता एकच गोष्ट उरली होती.

आमच्या काटेरी वांग्याचं बी माझ्या सासूच्या सासूपासूनचं आहे. भाजी तेलात फुलते, देठाला चव असते. राखीच्या लग्नात मनकर्णाबाईंनी ते वांगं खाल्लं, आणि तेव्हापासून येतात तेव्हा बी मागतात. तुमच्या मातीत उगवत नाही, पाणी खारं आहे, कीड लागली, यंदा धरलंच नाही, सगळं सांगून झालं होतं. दौलतरावांच्या भावांना दिलं नाही मी ते बी.

"विहीणबाई," मी म्हटलं, "वांग्याचं बी पाह्यजे होतं न तुमाले?"

हात पडद्यावरच थांबला. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे. मग हळूच पडदा सोडला.

"आता देता?"

"आता. वाडीत चला. झाडावरचं दाखवते, नाहीतं मंग म्हणाल खोटं देलं."

बांधावरून त्यांना मी पार कोपऱ्यात, विहिरीपलीकडे नेलं. बियाण्याला सोडलेली वांगी पिवळी होऊन लोंबत होती. मनकर्णाबाई वाफ्यात उकिडव्या बसल्या, गुडघे विसरून. कोणतं झाड धरायचं? पहिल्या बहाराचं का दुसऱ्या? राखेत ठेवायचं का नुसतं? मी एकेक सांगत गेले. सुरुवातीला दात उपटल्यासारखं होत होतं. मग त्या असं बारकाईनं विचारू लागल्या की मलाच बोलावंसं वाटू लागलं. पवननं हे कधी विचारलेलं नाही.

मी वांगं फोडून गर पाण्यात कालवत होते तेव्हा बांधावरून प्रियदर्शनी पळत आली. अनवाणी, पदराचं टोक कसंबसं डोक्यावर. मनकर्णाबाईंच्या पाया पडली. उठताना माझ्याकडं पाहिलं.

"पडला?" मी विचारलं.

"पडला, आई."

"अन् तू?"

"उभी होती. शेवटपर्यंत." तिनं घसरता पदर सावरला. "राह्यली मी टोळीत."

"उंदीर बराच मोठा दिसते," मनकर्णाबाई बी चाळत म्हणाल्या.

संध्याकाळच्या बसला मी त्यांना सोडायला गेले. बी त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं होतं आणि हात गाठीवरून हलत नव्हता. बस दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "पडदा जरासा सरकला होता मह्या हातानं. पाह्यलं मी. पंख होते त्याले."

मी बसला हात केला.

"एवढी मोठी ढालवाली बाई समोर नाचून राह्यली, अन् तो बयताड तिच्याकडंच पाहून राह्यला. मागं एक पोट्टी औषध वाटून राह्यली होती. आधी तिले धरा लागते. सरळ गोष्ट आहे."

"मंग तुमी आत काहून नाही गेल्या?"

"बी कोनं देलं असतं?" त्या पायरी चढल्या, गुडघा दाबत. वरून वळल्या. "पुढच्या साली भेंडीचं पाह्यजे. अन् राखीले पाठवते दिवाळीले, जास्तीचे दिवस."

घरी येऊन मी चुलीपाशी न जाता सरळ पलंगाजवळ बसले. प्रियदर्शनी अजून त्या पडलेल्या राक्षसाभोवती फिरत होती, मला तो चारी बाजूंनी दाखवायचा म्हणून.

"एक सांग," मी म्हटलं. "ढालवालीकडं न पाह्यता थेट मागच्या औषधवालीकडं जाणारा राक्षस असते का याच्यात?"

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. "पुढच्या गुहेत आहे. त्याच्यावर टोमणा चालतच नाही. तुमाले कोनं सांगतलं?"

"मंग त्याच्यासमोर ढालवालीनं काय करा?"

"तेच आमाले अजून उमगलं नाही, आई."

मी मेथी पुढं ओढली. "लाव," मी म्हटलं. "पाहू तं कसा आहे."